निकालाआधीचे पेढे

"म्हणजे तुमच्या डीन सरांचं पुस्तक चुकलंय, असं म्हणायचंय तुम्हाला?" पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढून मला विचारलं.

मॉल आले की किराणा दुकानं बंद पडणार, असं सरांनी त्या पुस्तकात लिहिलं होतं. त्यांची सगळी कारकीर्द त्यावर उभी होती, आणि माझ्या पीएचडीचे मार्गदर्शकही तेच. ते सभागृहात पहिल्या रांगेत बसले होते. पण खुल्या तोंडी परीक्षेत मार्गदर्शकानं बोलायचं नसतं.

मी म्हटलं, "हो सर. मिरजेतली गल्लीबोळातली दुकानं मी पालथी घातलीत. चांगली चालू आहेत. पुस्तकातलं तिसरं प्रकरण चुकलंय."

मागून कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं. दाराबाहेरच्या टेबलावर मी आणलेला पेढ्यांचा पुडा तसाच बांधलेला होता. निकालाआधी तो सोडायचा नाही, ही आमच्याकडची रीत.

डीन सर उठून उभे राहिले.

"नियम मोडतोय, पण बोलतो. हिला दुकानांत मीच पाठवलं होतं. म्हटलं, माझं खरं आहे का बघून ये." लेकीचं कौतुक सांगणाऱ्या बापासारखा त्यांचा आवाज होता. मग माझ्याकडे वळले. "उद्या सकाळी एमबीएला तिसरं प्रकरण मी शिकवणार होतो. तो तास तू घे. मी मागच्या बाकावर बसतो."

आणि निकालाची वाट न बघता सरांनी बाहेर जाऊन पुड्याची दोरी सोडली.