ओहायोची घरपट्टी

"पत्ता टाकला की झालं. मालक कोण, पट्टी किती थकली, सगळं उघडं दिसतं," ऑनलाइन सेंटरवाल्या निताबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्क्रीन नरसिंगकडे वळवली.

स्क्रीनवर धम्मानंददादाचं घर होतं. अमेरिकेतलं, ओहायोचं. लाकडी, बैठं, पुढं हिरवळ. याच घराचा फोटो डोंगरकडा गावी नरसिंगच्या भिंतीवर बुद्धाच्या फोटोशेजारी लावलेला होता. आई जनकाबाईनं लावला होता. आलेल्या पाहुण्याला ती आधी पाणी द्यायची आणि लगेच तो फोटो दाखवायची. नरसिंगनं हाडाची काडं करून बांधलेल्या स्लॅबच्या घरात ती राहत होती, पण त्याचं कौतुक तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

नरसिंगचा जळफळाट व्हायचा, आणि तो आजचा नव्हता. थोरला भाऊ इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेला, हा हळदीच्या वावरात राहिला. लग्नात जा, मयतीला जा, ओळख एकच: अमेरिकावाल्याचा भाऊ. पुढं दादाची नोकरी गेली. तो परत आला, वहिनीच्या आजारपणात होतं नव्हतं ते घालवून बसला आणि हिंगोलीत भाड्याच्या दोन खोल्यांत एकटा राहू लागला. तरी नरसिंगची ओळख काही बदलली नाही. तिकडं घर होतं ना!

मध्यंतरी दादा बोलता बोलता बोलून गेला होता, "तिकडची घरपट्टी थकली रे. इथं बसून ऑनलाइन भरता येते, पण पैसा कुठंय? थकबाकीच्या घराला गिऱ्हाईकही मिळंना. न्हाई भरली तर लिलाव करतील. जाऊ दे."

ते ऐकून नरसिंगला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, त्या दिवशी तो दोन घास जास्तच जेवला. मग त्याला गावातला मसाजी आठवला. पुण्याला गेलेल्या चुलत्याच्या घराची पट्टी मसाजीनं वर्षानुवर्षं भरली, पावत्या जपून ठेवल्या आणि ग्रामपंचायतीत घर आपल्या नावावर लावून घेतलं. चुलता बोंबलत राहिला. गावात ज्याच्या हाती पावत्या, त्याच्याशी कोणी भांडत नाही. मग अमेरिकेत काय निराळं असणार?

"पावती कुणाच्या नावानं निघंल?" त्यानं विचारलं.

"मालक म्हणून त्यांचं नाव, भरणारा म्हणून तुमचं. भावासाठी भरून राहिले का?"

"व्हय. भावासाठीच."

"नशीबवान आहे तुमचा भाऊ."

नरसिंगनं खिशातून कार्ड काढलं. बँकेत हेलपाटे मारून त्यानं ते परदेशात चालेल असं करून घेतलं होतं. खात्यात हळदीचे पैसे होते. मोंढ्यात भाव बरा लागला होता आणि तो सगळा पैसा पल्लवीच्या फीचा होता. लेकीचा नांदेडला दातांच्या डॉक्टरकीला नंबर लागला होता.

मोबाइलवर ओटीपी आला. नरसिंग घुटमळला. एवढं घर हाती आलं तर अशा दहा पोरी शिकतील, असं त्यानं मनाला समजावलं. पण तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं पल्लवी नव्हतीच. आई होती, पाहुण्यांना सांगणारी, हे माझ्या नरसिंगचं घर. त्यानं ओटीपी सांगितला.

घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "व्यापाऱ्यानं पैसे अडकवले."

"अन् फी?" ज्योतीनं विचारलं.

"पुढच्या वर्षी पाहू."

"पुढच्या वर्षी नंबर लागंल का? तुमीच सांगा."

पल्लवीनं भरून ठेवलेली बॅग मुकाट्यानं रिकामी केली आणि ती आईसोबत निंदायला जाऊ लागली. तिच्याकडं बघायचं त्याला धाडस होईना. रागही आला, पण तोसुद्धा दादाचाच. या माणसाला ते घर मिळालंच नसतं तर ही वेळ आली असती का?

मग एक दिवस ज्योती कुणाला न विचारता एसटीनं हिंगोलीला गेली आणि दादापुढं रडून आली. नरसिंगचा तिळपापड झाला.

"त्याच्यापुढं काहून हात पसरले?"

"हात न्हाई पसरले. मनातली तकलीफ सांगितली. तुमी तर ऐकूनच घेईनात."

त्यानंतर बरेच दिवस दादाचा पत्ता नव्हता. नरसिंग रोज मनात वाक्यं जुळवायचा. पट्टी मी भरली, घराचा मालक आता मी, बराबर न्हाई का? असं रोखठोक बोलायचं त्यानं ठरवलं होतं.

आणि एका सकाळी दादाच दारात उभा. हातात पेढ्यांचा पुडा.

"पल्लवी, बॅग भर बाई," तो म्हणाला. "कॉलेजातून मुदत वाढवून घेतली होती, काल फी भरली. पुऱ्या शिक्षणाची सोय झाली."

पल्लवी हातातलं खुरपं टाकून त्याच्या पाया पडली. ज्योतीनं डोळ्याला पदर लावला.

नरसिंग पुढं आला. "एवढा पैसा कुठून आणला दादा?"

"ओहायोचं घर विकलं."

"विकलं? ते तर लिलावात जाणार होतं ना?"

"मलाही तसंच वाटलं होतं. शेवटचं पाहून घ्यावं म्हणून साइट उघडली, तर बाकी काहीच न्हाई. अन् खाली भरणाऱ्याचं नाव."

दादानं नरसिंगचे दोन्ही हात धरले.

"ज्योती हळदीच्या पैशांचं सांगायला लागली, तवा उमगलं मला. लेकराची फी घालून तू माझं घर वाचवलं, नरसिंग, अन् कुणाला कळूही दिलं न्हाई. मग ते घर मी कोणत्या तोंडानं ठेवून घेऊ?"