डोंगरामागची हाळी

योहान साहेबानं तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि डोंगराकडे बघून लांडग्याची हाळी दिली. लंकाबाईनं मेंढ्यांच्या वाड्याचं फाटक ओढून घेतलं.

साहेब स्वीडनचा. तिकडच्या जंगलातले लांडगे आणि अस्वलं मोजणं हे त्याचं काम. मेंढ्या राखणारी माणसं लांडग्यासोबत कशी राहतात ते बघायला, अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात तो सिन्नरच्या माळावर आला होता. रोज सांजेला हाळी द्यायचा आणि उत्तराची वाट बघायचा. उत्तर एकदाही आलं नव्हतं. आज शेवटची सांज. इथं लांडगा नाही असं त्यानं सरकारला कळवलं की माळ कारखान्यांना जाणार होता, आणि मग मेंढ्या न्यायच्या कुठे?

म्हणून लंकाबाईच्या नवऱ्यानं, लहानूनं, बेत केला होता. डोंगरामागच्या लिंबाखाली बसून उत्तर त्यानंच द्यायचं. काळजीनं त्याची झोप उडाली होती, पण सराव सोडला नव्हता. आवाज हुबेहूब यायचा, फक्त शेवटी विडीचा खोकला आडवा यायचा.

ऊन पिवळं होऊन गवतावर रेंगाळत होतं. मेंढ्या, डोंगर, सगळंच पेंगत होतं.

आणि उत्तर आलं. लांब, कुठेही न तुटणारं. खोकल्याचा मागमूस नाही. लंकाबाईला नवऱ्याचं भारी कौतुक वाटलं.

साहेब मटकन खाली बसला. त्याचे डोळे भरून आले होते. नाशिकच्या गंगापूर रोडची रूपाली दुभाषी म्हणून सोबत होती. ती त्याचं बोलणं सांगू लागली. त्यांच्याकडचे लांडगे माणसांनी मारून संपवले होते. मग कुठून तरी लांबून, बर्फ तुडवत मोजके दोन-तीन आले आणि त्यांच्यापासून पुन्हा वंश वाढला.

"एक जरी उरला तरी आशा असते, मावशी, असं म्हणतायत ते."

लंकाबाईनं मान खाली घातली. या माणसानं इतके दिवस तिच्या हातची भाकरी खाल्ली होती. त्याचे ते डोळे तिला बघवेनात. माळ गेला तर गेला.

"ताई, त्यांना सांग," ती म्हणाली. "लांडगा नाय तो. माझा मालक हाय."

रूपालीनं ते साहेबाला सांगितलं. तो रागावला नाही, उलट त्यानं लंकाबाईपुढे हात जोडले, आणि तेच तिला जास्त लागलं. इथं लांडगा उरला नाही असंच आता सरकारला कळवावं लागेल, एवढं रूपाली हळूच बोलली. जीप नाशिकच्या रस्त्याला लागली.

धूळ खाली बसली तेव्हा लहानू आला. अंगाला गवत चिकटलेलं. बायकोच्या नजरेला नजर देईना.

"रागावू नको," तो म्हणाला. "लिंबाखाली जरा आडवा झालो, तर डोळाच लागला. आत्ता जीपच्या आवाजानं उठलो. झोपंत बी लांडगाच वरडत व्हता बघ, पार कानाशी."