पाकिटावरची आई

मिरजगावात मी शेंगदाण्याच्या चटणीचा धंदा काढला. महिलांना सरकारी योजनेत सवलत होती, म्हणून परवाना आईच्या नावावर घेतला आणि तिला आठवड्यानं सांगितलं. पाकिटावर ‘आईच्या हातची’ छापलं. पण तिचा फोटो नीट येत नाही म्हणून इंटरनेटवरून गोरीपान, निळ्या डोळ्यांची आई उतरवून घेतली. आई ‘बरं’ म्हणाली. फोटोबद्दल तक्रार झाली, नोटीस आली आणि मालकिणीला नगरला बोलावलं. आई ठेवणीतली साडी नेसून कार्यालयात बसली. साहेबांनी पाकीट पाहिलं, मग आईला. “मावशी, फोटो खोटा निघाला तर परवाना जाईल. ही कोण?” गुन्हा कबूल करायला मी तोंड उघडलं, तोच आईनं माझ्या पायावर पाय दिला. “मीच की, साहेब.” “तुमचे डोळे निळे होते?” “हुते की. मिरच्या भाजून भाजून असे झाले.” मी आईच्या डोळ्यांकडे पाहिलं. लालभडक होते.