फेरतपासणी

"पगार किती मिळतो तुम्हाला?" साहेबाने विचारलं, आणि सुनेने घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडला.

गेल्या आठवड्यात हाच प्रश्न घरोघरी पाहणी करत आलेल्या एका पोरीने विचारला होता. तेव्हा घरात कुणी नव्हतं. औषधांच्या कारखान्यात खोकी भरणाऱ्या बाईला कोण विचारतंय एवढ्या आपुलकीने? सुनेने खरं ते सांगून टाकलं. अठरा हजार. घरात चौदाच माहीत होते.

आज पोरीचा साहेब आला होता. साहेब म्हणजे काय, मिशीही धड न फुटलेला. पोरगी बाहेरच उभी, गळ्यातल्या ओळखपत्राची फीत बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"हिला सांगितलंय की मी," सून म्हणाली. "तेच लिहा."

"तसं चालत नाही, ताई. काही घरी आम्ही परत विचारतो. उत्तर जुळलं नाही, तर हिने बसल्या जागी मनचे आकडे भरले असं धरतो. मग हिचं काम जातं."

"माझ्या पगारावाचून एवढं काय अडलंय?"

"या भागात कारखाने वाढले, पण पगार का वाढले नाहीत, ते शोधतोय आम्ही."

"त्यात शोधायचंय काय?" कोपऱ्यातून सासूबाई कडाडल्या. "मालकाला विचारा की! त्याचा जिना चढताना पाय दुखतात वाटतं?"

साहेब कसनुसा हसला. "आजी, यांच्याशी जरा एकट्यात बोलायचं होतं."

"एकट्यात का म्हणून? माझ्या घरात लपवाछपवी चालत नाही. हिचा पगार झाला की सगळाच्या सगळा माझ्या हातावर येतो. माझ्यासमोर विचारा. सांग गं, चौदा हजार म्हणून."

साहेबाचं बोट टॅबच्या काचेवर थांबलं. त्याने वळून दाराकडे पाहिलं. पोरीने फीत बोटाला करकचून आवळली होती.

"चौदा लिहू?"

सुनेने हातातला टॉवेल आणखी दुमडला. टॉवेलची घडी तळहाताएवढी झाली होती. हो म्हणावं तर पोरगी कामावरून जाणार. नाही म्हणावं तर संध्याकाळी नवरा आणि सासू मिळून तिला सोलून काढणार.

"बोल की. दातखीळ बसली का?"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग दारातल्या पोरीकडे. मग परत सुनेकडे, जरा जास्तच वेळ.

"अगं बाई, वाटायचं राहिलंच की माझं!" गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. "तुमचं चालू द्या."

आत मिक्सर सुरू झाला. मांडणीवरची भांडी थरथरू लागली. साहेब पुढे वाकला. सून त्याच्या कानाशी ओरडली. त्याने टॅबवर बोट टेकवलं आणि मान डोलावली. पोरीने फीत सोडली.

दोघं जिना उतरून गेली तरी मिक्सर चालूच. सून आत आली. भांडं कोरडं ठाक होतं, नुसतीच पाती गरगरत होती.

सासूबाईंनी बटण बंद केलं आणि पुसलेलाच ओटा पुन्हा पुसायला घेतला.

"त्या पोरीला सांग," सुनेकडे न बघता त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी नसताना ये म्हणावं. मिक्सर जुना आहे आपला."