पडद्यामागचा खोकला

“हातावर काळेनिळे डाग कसले, सुंदराक्का? दुसरं काही औषध घेता का?”

“छे हो. तुमची ती रक्त पातळ करायची गोळी, बाकी काही नाही.”

डॉ. धामणकरांनी तसं टाइप केलं. मुलाने बसवून दिलेला कॉम्प्युटर टिंग वाजला आणि स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली: ‘रुग्ण दुखण्यावरचं औषध घेत असण्याची शक्यता. पुन्हा विचारा.’

पण डॉक्टरांची मान सवयीने दाराच्या निळ्या पडद्याकडे वळली होती. त्यापलीकडे बसून त्यांची बायको जन्मभर औषधांच्या पुड्या बांधत आली. बाहेरच्या बाकावर पेशंट तिच्यापाशी मन मोकळं करायचे आणि आत येऊन डॉक्टरांना थापा मारायचे. मग पडद्यामागून ती हळूच खोकायची. खोकला ऐकला की डॉक्टर पेन खाली ठेवून तोच प्रश्न पुन्हा विचारायचे.

ती गेल्यापासून पडदा नुसता वाऱ्याने हलायचा. आजही हलला.

सुंदराक्काही तिकडेच बघत होत्या.

“वहिनी असत्या तर एव्हाना खोकल्या असत्या,” त्या पुटपुटल्या, आणि कमरेला खोचलेली गुडघेदुखीच्या गोळ्यांची पुडी काढून त्यांनी टेबलावर ठेवली.