सोबत

“आधी तू पी,” बहीण म्हणाली.

“बरोबर पिऊ. एक, दोन, तीन!”

दोघांनी डोळे मिटून पेले रिकामे केले. पोट साफ करायचं ते औषधाचं पाणी खारट, बुळबुळीत आणि तोंडाची चव घालवणारं होतं. अजून अर्धा अर्धा तांब्या बाकी होता. दादाचा चेहरा पाहून तिला हसू आवरेना. अडुसष्ट वर्षांचा, किल्ल्या बनवून उभ्या गावाची कुलपं उघडून देणारा माणूस एका पेल्यापुढे हात टेकून बसला होता.

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन दोघांचंही झालेलं. तिचं पाच वर्षांपूर्वी, त्याचं तीन. आता ती चोपन्न वर्षांची होती. बाइंडिंगचं दुकान एकटीनं चालवायची आणि दोन वर्षं दुर्बिणीची तपासणी टाळत आली होती. कारणही तिनं डॉक्टरांच्याच तोंडून उचललं होतं. दादाबरोबर गेली असताना ते म्हणाले होते, वय वाढतं तसा धोका वाढतो, आणि बायकांपेक्षा पुरुषांना तो थोडा जास्तच. तिनं तेवढंच घट्ट धरून ठेवलं.

“मी बाई, त्यात तुझ्याहून चौदा वर्षांनी लहान. दुर्बीण तुझ्या पोटात घालू दे. माझ्याकडे चारशे वह्या शिवायच्या पडल्यात.”

दादानं वाद घातला नाही. पण गेल्या आठवड्यात तो दुकानात आला, स्टुलावर बसला आणि खाली मान घालून म्हणाला, “मला एकट्याला भीती वाटते गं. तूही नाव घाल. तू असलीस तर मी जाईन.”

दादाला भीती! तिचा जीव कळवळला. तिनं त्याच दिवशी दवाखान्यात फोन केला.

औषधाचे पेले संपल्यावर घरातल्या एकुलत्या एक संडासासाठी दोघांची नुसती पळापळ झाली. “अगं, आटप!” “थांब रे, मेल्या!” लहानपणीसुद्धा इतकं भांडण झालं नव्हतं. हसून हसून पोट आणखीच दुखलं.

सकाळी दवाखान्यात तिचा नंबर आधी लागला. भूल द्यायच्या आधी तिनं डॉक्टरांना त्यांचंच वाक्य ऐकवलं. ते हसले. “ताई, ते सगळ्यांचं मिळून झालं. तुम्हाला एकदा होऊन गेलंय. बाई म्हणून काही सूट नाही.”

जाग आली तेव्हा डॉक्टर शेजारीच उभे होते. आतड्यात मांसाचा एक छोटा कोंब सापडला होता. तो तिथल्या तिथे काढून तपासायला पाठवला होता. “दिसायला तरी साधा आहे. पण आणखी दोन वर्षं राहिला असता, तर सांगता आलं नसतं. वेळेवर आलात.”

ती छताकडे बघत पडून राहिली. अंग हलकं झालं होतं, भूकही लागली होती. दादासाठी म्हणून आले आणि आपलंच निभावलं, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात नर्स चहा घेऊन आली.

“माझ्या भावाची झाली का हो तपासणी?”

“काकांची? ती गेल्या महिन्यातच झाली की. सगळं स्वच्छ निघालं.” नर्सनं कप तिच्या हातात दिला. “औषधाची पुडी मात्र परत मागून घेऊन गेले. म्हणाले, बहीण एकटी पिणार नाही.”