सुनेचं दुखणं

पंचफुलाचं आज पोट दुखत होतं. मागच्या खेपेला डोकं होतं, त्याच्या आधी कंबर.

“कधीपासून दुखतंय?” कुसुमबाईंनी विचारलं.

“परवापासून,” उत्तर सासूनं दिलं.

नर्मदाबाई भिंतीपासून हातभर लांब उभ्या होत्या. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला.

“बसा की मावशी.”

“मी उभीच बरी.”

हेही दर खेपेचंच. येलदरीच्या अलीकडच्या या उपकेंद्रात कुसुमबाईंना नर्स म्हणून येऊन सात वर्षं झाली होती. विद्यापीठाच्या नामांतराचा धुरळा गावात अजून पुरता बसला नव्हता. खुर्ची सरकारी असली, तरी ती पुढं करणारी नर्स कुठल्या वस्तीतली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नर्मदाबाई खुर्चीवर टेकत नसत, नाडी बघू देत नसत, गोळ्यांसाठीही हात पुढं करत नसत. ‘सुनेकडं द्या’ म्हणायच्या. असल्या तोऱ्याचं वाईट वाटून घेणं कुसुमबाईंनी कधीच सोडलं होतं. उलट घरी गेल्यावर त्या नवऱ्याला त्यांची हुबेहूब नक्कल करून दाखवायच्या आणि दोघं पोट धरून हसायची.

पण पंचफुलाचं त्यांना हसण्यावारी नेता येत नव्हतं.

विहिरीवर पाय घसरला, म्हशीनं ढकललं, असं सांगत बाई आली की कुसुमबाई आधी मार कुठं लागलाय ते बघत. पडलेल्या माणसाचे गुडघे फुटतात, पाठीवर वळ उठत नाहीत. दुखणं दर खेपेला जागा बदलत असेल, तर खरं दुखणं भलतंच असतं. आणि सोबतच्या माणसाकडं बघितल्याशिवाय जी बाई तोंड उघडत नाही, तिला एकटीला गाठायचं. अशा तीन बायकांना त्यांनी आजवर बोलतं केलं होतं आणि सुखरूप माहेरी पोचवलं होतं. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

पंचफुला तर दर शब्दाला सासूकडं बघत होती.

“ह्या गोळ्या जेवल्यावर घे,” कुसुमबाई म्हणाल्या.

“बाई, मलमाची डबीबी द्या की. मागची सरली,” पंचफुला म्हणाली.

“पोटदुखीला मलम?”

“असू द्या. घरी लागतं.”

कुसुमबाईंनी मनातल्या मनात मान हलवली. आता शंकेला जागाच उरली नव्हती. पंचफुलाचा नवरा नागनाथ हा तालमीतला गडी, मान बैलासारखी. असल्याचा हात पडला तर डबीभर मलम पुरायचं नाही. प्रश्न एवढाच होता, की या म्हातारीला बाहेर कसं काढायचं. सहा खेपा झाल्या, ती काही केल्या सुनेला सोडून हलत नव्हती. बाहेर कडुलिंबाखाली स्वतःचा नवरा बसलेला असायचा, पण त्याच्याजवळ जाऊन दोन घटका बसावं, तेही नाही.

आणि नवरा तरी केवढा भला माणूस! दिनकरराव दर खेपेला स्वतः गाडी जुंपून सासू-सुनेला आणायचे आणि काम होईतो तक्रार न करता थांबायचे. कुसुमबाईंना ‘सिस्टरताई’ म्हणायचे. त्यांच्या माठातलं पाणी चारचौघांदेखत मागून प्यायचे. त्या आळीतला असा हा पहिलाच माणूस. सुनेची कड घेईल, पोराला दोन शब्द सुनावेल, असं त्या घरात कुणी असेल तर तो हाच, याबद्दल कुसुमबाईंची खात्री होती.

त्या सरळ बाहेर गेल्या.

“दादा, पंचफुलाशी मला एकटीशी बोलायचंय. मावशींना जरा तुमच्यापाशी बोलवून घेता?”

“घेतो की. त्यात काय एवढं?” दिनकरराव हसले. खिशातल्या ओंजळभर शेंगा त्यांनी कुसुमबाईंच्या हातावर ठेवल्या. मग दाराकडं बघून हाक मारली, “ए, भाईर ये.”

एकच हाक. सहा खेपा जागची न हललेली म्हातारी लगेच निघाली, चपलेत पाय नीट घालायलाही थांबली नाही. ही कुणाचं तरी ऐकते म्हणायची, असं मनात येऊन कुसुमबाईंना फार बरं वाटलं. आज चौथी बाई सुटणार होती.

त्यांनी आत येऊन दार लावून घेतलं.

“आता बोल. इथं कुणी नाही. नागनाथ मारतो ना तुला?”

“आमचे मालक?” पंचफुला गोंधळली. “ते तर कवा मोठ्यानं बोलत सुदिक न्हाईत.”

“घाबरू नको. बाही वर कर. पाठ दाखव.”

पंचफुलानं बाही वर केली, पाठ फिरवली. दंडावर, पाठीवर कुठं ओरखडासुद्धा नव्हता. कुसुमबाईंनी दोनदा बघितलं. पोरीचं मात्र सगळं लक्ष बंद दाराकडं होतं.

“मग दर पंधरा दिवसांनी इथं कशाला येतेस?”

“मी आजारी पडले तरच आत्याबाईला संगं येता येतं. एरवी उंबऱ्याभाईर पाऊल न्हाई त्यांचं. बोलू नको म्हून मला शपथ घातलीय त्यांनी. वाटायचं, कवातरी तुमीच त्यांच्याकडं नीट बघताल.”

“त्यांच्याकडं?”

“मलम त्यांच्याच पाठीला लावते मी. लय वळ हायत, बाई.”

“कुणी मारलं त्यांना?”

“आत्ता तुमी ज्यांच्याकडं धाडलंत, त्यांनीच.”